सुपरमार्केटच्या बिलातील ‘दुहेरी कर’ आणि कोणीच न वाचलेल्या ओळी

‘सुपरमार्केटची राजरोस लूट, प्रत्येक ग्रुपवर पाठवा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एमआरपीमध्ये सर्व कर धरलेले असतानाही बिलाच्या तळाशी सीजीएसटी आणि एसजीएसटी (जीएसटीचे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन वाटे) पुन्हा लावले जातात, म्हणून ती रक्कम काउंटरवरच परत मागावी, बिलात एका जरी वस्तूची किंमत चुकली तरी ती वस्तू कायद्याने फुकट मिळते आणि वर फरकाच्या दहापट भरपाई मिळते, पिशवीचे पैसे घेणे हा गुन्हा आहे, आणि बिलाची शाई मुद्दाम उडून जाणारी वापरली जाते. शेवटी, नेहमीप्रमाणे, ‘सर्वोच्च न्यायालयाचा आदेश’ आहेच. मात्र त्याला तारीख नाही आणि पक्षकारांची नावेही नाहीत. असले संदेश मी एरवी न वाचताच पुसतो. हा मात्र माझ्या मावशीने खरा मानला आणि महिन्याच्या किराण्याच्या बिलावरचे दोन्ही कर परत मिळावेत म्हणून काउंटरवरच्या विशीतल्या मुलीशी रांग खोळंबेपर्यंत वाद घातला. मावशी निवृत्त शिक्षिका आहे, हिशेबाला पक्की आहे. तिला भलतीकडेच बघायला लावणाऱ्या या संदेशाचा मला राग आहे.

पहिला मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे आणि सर्वाधिक पसरलेलाही तोच आहे. एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, हे आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे आणि संदेशातले हे एक वाक्य बरोबर आहे. परंतु बिलाच्या तळाशी असलेला तक्ता हा वर लावलेला कर नसून, तुम्ही दिलेल्या किमतीच्या पोटात असलेला कर सुटा करून दाखवलेला असतो. १०५ रुपयांना विकलेल्या आणि ५ टक्के कर असलेल्या पाकिटाचे करपात्र मूल्य १०० रुपये, सीजीएसटी अडीच रुपये आणि एसजीएसटी अडीच रुपये. तेच पाकीट सवलतीत ८४ रुपयांना विकले तर मूल्य ८० आणि दोन्ही कर दोन-दोन रुपये. दोन्ही वेळा ग्राहकाच्या खिशातून गेले ते १०५ किंवा ८४ रुपयेच. हा कर असा वेगळा दाखवण्याचे बंधन केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३३ने विक्रेत्यावर घातलेले आहे. म्हणजे ज्या तक्त्याला संदेश चोरीचा पुरावा म्हणतो, तो कायद्यानेच मागितलेला आहे. शंका असेल तर वस्तूंच्या ओळींतील रकमांची बेरीज करावी आणि ती देय रकमेशी ताडून पाहावी. दोन्ही आकडे, पैशांची पूर्णांकात केलेली तडजोड सोडून, जुळले तर कर वरून लावलेला नाही. ही तपासणी चौथीच्या मुलालाही जमेल. संदेश लिहिणाऱ्याने ती एकदाही करून पाहिलेली दिसत नाही.

आता नाइलाजाने मान्य करावी अशी एक गोष्ट. ही बेरीज कधी कधी खरोखरच जुळत नाही, आणि ते विशेषतः कपड्यांच्या व पादत्राणांच्या दुकानांत घडते: चाळीस टक्के सवलतीची पाटी बाहेर, आणि सवलतीनंतरच्या किमतीवर कर वेगळा. वुडलँडची विक्री करणाऱ्या एरो क्लब या कंपनीच्या अशाच प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये ही पद्धत अनुचित ठरवली होती. तेव्हा जीएसटी आलेला नव्हता, विक्रीवर व्हॅट हा कर होता. छापील किंमत करांसह असताना तिच्यावर दिलेली सवलतही करांसहच समजली गेली पाहिजे, हा त्यामागचा तर्क जीएसटीलाही तितकाच लागू पडतो. संदेशात एवढे एकच लिहिले असते तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

‘चुकलेली वस्तू फुकट आणि दहापट भरपाई’ या दाव्याला भारतातील कोणत्याही कायद्याचा आधार नाही. पण तो अगदीच हवेतून आलेला नसावा. कॅनडात २००२ पासून किरकोळ विक्रेत्यांनी स्वेच्छेने स्वीकारलेली एक संहिता आहे. तिच्यात स्कॅनरने फडताळावरील किमतीपेक्षा जास्त किंमत घेतल्यास दहा डॉलरपर्यंतची वस्तू फुकट आणि त्याहून महाग असल्यास दहा डॉलर कमी, असे ठरवले गेले. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात २०११च्या कायद्याने फरकाच्या दहापट बक्षीस ठरवले, तेही किमान एक आणि कमाल पाच डॉलर. तिकडे स्थायिक झालेल्या कुणा आप्ताने हौसेने कळवलेली माहिती इकडे येता येता भारताचा कायदा झाली असावी, असा माझा अंदाज आहे. पाच डॉलरची ती मर्यादा वाटेत कुठे गळाली, कोण जाणे.

या गोंधळाचे खरे नुकसान असे की बिल तपासणारा माणूस तळाच्या तक्त्याशी भांडत बसतो आणि चुका वरच्या ओळींत सुखाने राहतात. एकाच वस्तूवर स्कॅनर दोनदा फिरतो. ‘एकावर एक मोफत’ ही योजना यंत्रणेत भरलेली नसते किंवा आदल्या रात्री संपलेली असते, पण तिची पाटी तशीच लटकत असते. सुट्या मालाच्या काट्यावर कोलमऐवजी इंद्रायणीचा कोड दाबला जातो, किंवा डब्याचे वजन वजा करायचे राहते. आणि सर्वांत जास्त फसवणारी जागा म्हणजे एकाच बारकोडवर असलेल्या दोन एमआरपी. जुना आणि नवा साठा एकत्र असला की पडद्यावर दोन किमतींची यादी उघडते आणि घाईतला कॅशिअर त्यातली वरची निवडून मोकळा होतो. यात कट नसतो, रांग असते. पण हातातल्या पाकिटावर कमी किंमत छापलेली असेल तर त्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा हा घोळ उलट्या दिशेनेही शक्य झाला. टूथपेस्ट, शाम्पू, केसांचे तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. पाकिटावर जुनी ११८ रुपयांची एमआरपी तशीच असली तरी कराचा फायदा दिल्यावर किंमत १०५ रुपये व्हायला हवी. अशा साठ्याच्या बाबतीत ‘छापील किमतीपेक्षा जास्त घेतले नाही’ एवढ्यावर समाधान मानणे पुरेसे नव्हते. मावशीच्या हातात या सुमाराचे बिल असते आणि तिने तळाऐवजी टूथपेस्टची ओळ पाहिली असती, तर तिचा वाद मी तिच्या शेजारी उभा राहून घातला असता.

फडताळावर ९० रुपये, बिलात ९९ रुपये आणि पाकिटावर ११० रुपये असे झाले, तर एमआरपीचा नियम मोडलेला नसतो. म्हणूनच अनेक जण ‘काही करता येत नाही’ म्हणून गप्प बसतात. संदेश याबद्दल चकार शब्द काढत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(६) मध्ये ‘तक्रार’ कशाला म्हणावे ते सांगितले आहे, आणि त्यात वेष्टनावरील किमतीपेक्षा जास्त आकारणीबरोबरच विक्रेत्याने लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त आकारणीही स्वतंत्रपणे नमूद आहे. म्हणजे फडताळावरच्या लेबलचा फोटो आणि बिल ही जोडी पुरेशी बोलकी आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ग्राहक सेवा काउंटरवर ही जोडी दाखवताच फरक परत मिळतो. न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि एमआरपीहून जास्त घेतल्याची तक्रार असेल तर वजने, मापे आणि वेष्टनावरील किमती तपासणारा राज्याचा वैध मापन विभाग आहे.

उरलेले मुद्दे झटपट. पिशवीचे पैसे घेणे सरसकट गुन्हा नाही. बिग बझारच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये आक्षेप घेतला तो खरेदी संपल्यावर, काउंटरवर अचानक पैसे लावण्यावर, कारण ही माहिती ग्राहकाला दुकान निवडण्याआधीच मिळायला हवी. बिलाची अक्षरे उडतात हे खरे आहे, पण त्यात शाईच नसते. उष्णतेने काळा पडणारा थर कागदावर असतो आणि ऊन, तेल किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटाचा सहवास लागला की तो फिका होतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि थर्मल कागद तेवढा टिकेलच असे नाही. तेव्हा बिलाचा फोटो दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच, पिशवीतील वस्तू ओळींशी ताडून पाहताना काढून ठेवावा.