‘निकालानंतर नियम बदलला’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

दीड हजारांखालील रेटिंगच्या (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) आमच्या ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत आपला मुलगा पहिला येऊनही त्याला रात्री साडेदहा वाजता बाद केले, निकालानंतर नियम बदलला आणि 100 रुपये प्रवेश शुल्कही परत केले नाही, असे लिहून आपण आम्हाला एक तारा दिला आहे. एवढी गोष्ट फोन करून सांगण्याऐवजी दोन ओळींच्या संदेशाने कळवली, ही आमची चूक झाली. त्याबद्दल मी आपली आणि आपल्या मुलाची क्षमा मागतो.

नियम बदलला, हे मात्र मला मान्य करता येत नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्पर्धेला रेटिंगची कमाल मर्यादा घातली, की खेळाडूचे गेल्या आठवड्यातील सर्वोच्च रेटिंग पाहिले जाते, त्यामागचे नाही. म्हणूनच आमच्या नोंदणी अर्जात पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहे, की बक्षीसपात्र खेळाडूंचे मागील 30 दिवसांचे डाव तपासल्याशिवाय निकाल अंतिम धरला जाणार नाही, आणि त्या वाक्यापुढे खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. ती खूण आपण केली होती. आपल्या मुलाच्या खात्यावर स्पर्धेच्या नऊ दिवस आधी एकाच रात्री सलग एकोणीस ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट) डाव चार-पाच चालींत सोडलेले आहेत आणि रेटिंग 1592 वरून मर्यादेखाली, 1471 वर उतरलेले आहे. नेट गेले होते, असे आपण म्हणता. नेट गेले तर वेळ संपल्याची किंवा खेळाडू निघून गेल्याची नोंद होते. येथे प्रत्येक डावाखाली खेळाडूने डाव सोडल्याचीच नोंद आहे. हे डाव कोणालाही पाहता येतात, तरी तो लहान असल्यामुळे खात्याचे नाव मी येथे लिहीत नाही.

रेटिंगमध्ये सुमारे 120 ने वरचा खेळाडू तीन डावांत सरासरी दोन गुण घेतो. ज्या मुलांना एरवी बक्षीस दिसतही नाही, त्यांच्यासाठीच ही मर्यादा असते. दुसऱ्या आलेल्या मुलीविषयी स्पर्धेच्या चॅटमध्ये आपल्याकडून जे लिहिले गेले, ते वाचून ती नऊ वर्षांची मुलगी रडली. ती माझ्या वर्गातली आहे हे खरे. म्हणूनच डावांची तपासणी मी स्वतः न करता बाहेरगावच्या पंचांकडे दिली होती. संध्याकाळी सातला संपलेल्या स्पर्धेचा निर्णय साडेदहाला आला, तो त्यामुळेच.

सांगलीत माझा वर्ग पालकांनी एकमेकांना सांगितल्यावरच चालतो. ‘पक्षपाती’ हा शब्द वाचून दोन पालकांनी वर्गाविषयीची चौकशी थांबवली आहे, आणि तो शब्द मला फार लागला.

पुढील स्पर्धेपासून तपासणी लवकर व्हावी आणि पालकांशी आधी बोलणे व्हावे, अशी व्यवस्था करण्याचा प्रयत्न राहील. नियमात बसत नसले तरी आपले 100 रुपये आज परत पाठवले आहेत. मुलाचा खेळ खरोखर चांगला आहे. पुढच्या महिन्यातील खुल्या गटात त्याचे नाव विनाशुल्क घेण्यास मी तयार आहे, आपण कळवावे.

आपला,
वर्गसंचालक