तीन ठिपक्यांच्या खेकड्यावरचा तो मेसेज

‘पाठीवर तीन लाल ठिपके असलेला समुद्री खेकडा विषारी, ती केमिकल टोचल्याची खूण. घेतलाच तर मीठ-हळदीत वीस मिनिटं उकळा, विष उतरतं. लाल झाला की बिनधास्त खा. मेलेला खेकडा कधीच घेऊ नका.’ नागपूरच्या ग्रुपांवर हे फिरतंय आणि ते वाचून शेजारच्या काकूंनी भोईपुऱ्याच्या मासळी बाजारातून आणलेले खेकडे सरळ कचऱ्यात टाकले.

धानाच्या बांधीतल्या खेकड्यावर असे ठिपके नसतात, म्हणून आपल्याकडे लोक बिचकतात. पण हे ठिपके जन्मजात. हा पोर्चुनस सँग्विनोलेंटस, देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर सर्रास खाल्ला जाणारा. पाठीच्या मागच्या भागात फिकट कडेचे तीन गडद लाल ठिपके, कवचाच्या पुढच्या कडेला दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ दात, त्यातला शेवटचा लांब काटा. सर्वांत मागचे दोन पाय टोकाला वल्ह्यासारखे चपटे. दात सहा-सहा आणि पाठीवर क्रूस असेल तर तो कॅरिब्डिस फेरियाटा. तोही खातात.

आता ते ‘उकळून विष उतरवणं’. ज्यानं हे लिहिलं, त्याला हात जोडून विनंती की हे थांबव. विषारी समुद्री खेकडे खरंच असतात: झोझिमस एनियस, लोफोझोझिमस पिक्टर, ॲटरगॅटिस फ्लोरिडस. त्यांच्यात सॅक्सिटॉक्सिन, टेट्रोडोटॉक्सिन सापडतं. वीस मिनिटं उकळा नाहीतर कुकरच्या दहा शिट्ट्या घ्या, ही विषं टिकतात. आधी ओठ-जीभ बधिर होते, मग हातपाय, शेवटी श्वासाचे स्नायू. उतारा नाही; वेळेत दवाखाना गाठून कृत्रिम श्वास मिळाला तरच माणूस वाचतो. हे खेकडे प्रवाळखडकांवरचे, लंबगोल कवचाचे. नख्यांची टोकं काळपट, मागचे पाय टोकदार, वल्हं नाही. एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या १९९८ च्या पश्चिम-मध्य प्रशांत महासागराच्या ओळख-पुस्तिकेत पीटर एनजी यांनी खेकड्यांचं प्रकरण लिहिलंय. दोन्ही गट त्यात चित्रांसह आहेत.

लाल होण्याचं म्हणाल तर उष्णतेनं प्रथिनाला बांधलेलं ॲस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य सुटतं. विषारी खेकडाही तसाच लाल होतो.

मेलेल्या खेकड्याचं म्हणणं अर्धं खरं, मान्य. चिंबोरी, म्हणजे खाडीच्या चिखलातला खेकडा, जिवंतच घ्यावी, मेली की आतून झपाट्यानं सडते. पण तीन ठिपक्यांचा नागपूरला जिवंत पोचत नाही, बर्फातच येतो. तो उचलून बघा: अमोनियाचा वास, लोंबणारे पाय, सांध्यातून काळं पाणी किंवा आकाराच्या मानानं हलका लागला, तर परत ठेवा.