पॅनिक कुठे झालं आणि का झालं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सडेतोड लिहिलंत, छान केलंत. तुमचं म्हणणं असं: सनच्या सोलारिस ८ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं अल्ट्रा ६० वर्कस्टेशन पुन्हा पुन्हा पॅनिक होत होतं (गंभीर चूक दिसताच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सगळं थांबवत होतं), स्टॅकवर (त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शन्सच्या यादीत) यूएफएस या फाइलसिस्टिमचं फंक्शन स्वच्छ दिसत होतं, मग फाइलसिस्टिमचा पॅच टाकून मोकळं व्हायचं सोडून मी मशीनमधल्या एका कार्डाच्या ड्रायव्हरमागे का लागलो? शिवाय मेमरी ईसीसी (किरकोळ चुका आपोआप सुधारणारी) असताना हार्डवेअरवर संशय कशाला?

पॅनिकचा संदेश होता 'बॅड ट्रॅप, टाइप ३१'. याचा अर्थ कर्नलने मॅपिंग नसलेल्या, म्हणजे खऱ्या मेमरीशी न जोडलेल्या, पत्त्याला हात लावला. हात यूएफएसने लावला, हे स्टॅकवरून कळतं. पण तो पत्ता बिघडवला कोणी? जो घसरून पडतो, केळ्याचं साल टाकणारा तोच असतो असं थोडंच आहे! कर्नलमध्ये केमेम_अ‍ॅलॉक या फंक्शनने मागितलेले मेमरीचे एकाच आकाराचे तुकडे एकाच कॅशमधून (साठ्यातून) निघतात. ड्रायव्हरने सोडलेला तुकडा पुढच्या क्षणी यूएफएसच्या हाती पडू शकतो. ड्रायव्हर त्यात नंतरही लिहीत राहिला, तर मरतं यूएफएस.

म्हणून मी /ईटीसी/सिस्टिम या कर्नलच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये केमेम_फ्लॅग्ज या मेमरी-तपासणीच्या फ्लॅगला हेक्स एफ ही किंमत दिली. मग सोडलेल्या प्रत्येक तुकड्यात कर्नल 'डेडबीफ' हा ठरावीक नमुना भरतं, आणि तो तुकडा पुन्हा देताना तो नमुना शाबूत आहे का ते तपासतं. पुढच्या पॅनिकचा संदेशच वेगळा आला: सोडल्यानंतर बफर बदलला गेला. सोबत त्या तुकड्याचा आधीचा व्यवहारही (तो कोणी सोडला याची नोंद) होता, आणि त्या स्टॅकमध्ये होतं ड्रायव्हरचं क्लोज फंक्शन. त्यात बफर सोडला होता, पण टाइमआउट (ठरल्या वेळी वाजणारा टायमर) रद्द केलाच नव्हता! टायमर वाजला की सोडलेल्या मेमरीत लेखन. एमडीबी या डीबगरमध्ये ::व्हॉटइज आणि ::केमेम_व्हेरिफाय या कमांड चालवूनही तेच दिसलं. यूएफएसचा पॅच टाकून मशीन काही दिवस शांत राहिलंही असतं, कारण मेमरीची मांडणी हलली असती. त्याला दुरुस्ती कसं म्हणणार?

आता ईसीसी. मुख्य मेमरीला ते आहेच. पण या मशीनच्या अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसरच्या बाहेरच्या कॅशला (त्याच्या जलद, तात्पुरत्या मेमरीला) नुसती पॅरिटी असते: चूक कळते, सुधारता येत नाही. कॅशच्या ज्या ओळीतला बदललेला डेटा अजून मेमरीत गेलेला नाही ती बिघडली, तर पॅनिकवाचून इलाज नाही. सनने पुढे काही मॉड्यूल्समध्ये आरशासारखी दुहेरी एसरॅम (कॅशच्या चिप्स) घातली ती याचसाठी. आमच्या लॉगमध्ये ईडीपीची (या कॅशमधल्या पॅरिटी-चुकीची) नोंद नव्हती, म्हणून तो संशय मी लगेच सोडला. ईसीसी आहे म्हणून नव्हे.

तुमच्या एका मुद्द्याला मात्र माझी पूर्ण संमती: हा फ्लॅग लावला की मशीन मंदावतं आणि मेमरीही जास्त खातं. रोजच्या कामाच्या मशीनवर तो कायमचा ठेवू नये. सेव्हकोअर (पॅनिकच्या वेळची मेमरीची प्रत फाइलमध्ये जपणारी सोय) चालू ठेवायला मात्र काहीच हरकत नाही. डंपएडीएम या कमांडने त्याचं सेटिंग एकदा पाहून घ्या, ती प्रत जिथे जाते त्या /व्हार/क्रॅशमध्ये जागा आहे ना तेही बघा. तुमचं मशीन पुन्हा पडलं, तर रीबूटनंतर एमडीबीतल्या ::स्टेटस आणि ::एमएसजीबफ या कमांडचं उत्तर इथे चिकटवा. बघू.