घड्याळातला ‘एचआरव्ही’ आणि अर्धांगाचा रुग्ण

कोथरूडमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. अर्धांगाचा झटका आल्यावर पहिल्या तीन दिवसांत रुग्णाला स्मार्ट घड्याळ बांधा. ‘एचआरव्ही’ ५० च्या वर असेल तर तो पूर्ण बरा होणार आणि २० च्या खाली असेल तर फिजिओथेरपीवर पैसे घालवू नका, असे त्यात ठासून म्हटले आहे. मी पुण्यात अशाच रुग्णांची फिजिओथेरपी करते, म्हणून हे उत्तर.

संदेश निव्वळ थाप नाही. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर दर वेळी काही मिलिसेकंदांनी बदलते, त्या बदलाचे माप म्हणजे एचआरव्ही. या बदलावर मेंदूचा ताबा असल्यामुळे झटक्यानंतर तो घटू शकतो, आणि ज्यांचा तो फार घटलेला असतो त्यांची सुधारणा सरासरीने कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र वय, जुना मधुमेह आणि झटक्याची तीव्रता यांमुळेही हा आकडा खाली येतो; म्हणजे केसपेपरवर आधीच लिहिलेली माहितीच बहुतेकदा तो पुन्हा सांगतो.

५० आणि २० या सीमारेषांना तर आधारच नाही. युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी १९९६ साली ठरवलेल्या मानकांनुसार पाच मिनिटांच्या आणि चोवीस तासांच्या नोंदींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. शिवाय एक घड्याळ एका सूत्राने मोजते, दुसरे दुसऱ्याच.

खरा धोका ‘वरचा आकडा चांगला’ या वाक्यात आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाची लयच बिघडते आणि ठोके वेडेवाकडे पडतात. दोन ठोक्यांमधले अंतर सतत बदलत राहिल्याने एचआरव्ही भरपूर वाढलेला दिसतो. हाच विकार अर्धांगाचा धोका सुमारे पाचपट वाढवतो. ज्या आकड्यावर घरचे निर्धास्त होतील, तोच पुढच्या झटक्याच्या कारणातून आलेला असू शकतो, आणि हे घड्याळाच्या आकड्यावरून नव्हे, ईसीजी काढूनच कळते.

राहिला फिजिओथेरपीचा मुद्दा. झटक्याच्या तिसऱ्या दिवशी एका रुग्णाच्या मुलीने मला घड्याळावरचा १८ हा आकडा दाखवला आणि विचारले, “मॅडम, सेशन कमी करायची का?” त्या वेळी तिच्या बाबांचा डावा हात चादरीवर पालथा होता आणि सांगितल्यावर त्यांची तर्जनी जेमतेम सेंटिमीटरभर उचलली जात होती, खांदाही किंचित बाजूला सरकत होता. माझ्या दृष्टीने त्या खोलीतली सर्वांत मोलाची माहिती ती होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात पहिल्या ७२ तासांत या दोन्ही हालचाली थोड्या तरी जमणाऱ्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के आढळली होती. ज्यांना त्या जमत नव्हत्या, त्यांच्याही बाबतीत ती २५ टक्के होती, शून्य नव्हे. त्या बाबांचे एकही सेशन आम्ही कमी केले नाही.