मनातले मांडे आणि कार्डातले 35 रुपये

आमच्या घरात एक नियम आहे, कुठंही जेवायला जायचं असलं तरी घरातनं थोडं खाऊनच निघायचं. लग्नाला जाताना उप्पीट, बारशाला जाताना पोहे. बायकोचं म्हणणं, तिथं पंगत कधी बसेल काय सांगावं, भूक लागली की पोरगी चिडचिड करते आणि पोरीपेक्षा जास्त तुम्ही करता. त्यामुळं मे महिन्यातल्या त्या रविवारी बेळगावच्या कॅम्पाकडच्या मैदानावर खाद्य महोत्सव आहे म्हटल्यावर तिनं दुपारीच जाहीर केलं, "आधी गावात जाऊन पोटात काहीतरी घालूया, मग महोत्सवात निवांत सगळ्याची चव बघत फिरूया की."

म्हणजे खायच्या कार्यक्रमाला खाऊन जायचं. मी बरं म्हटलं. लग्नाला 14 वर्षं झाली, एवढं तरी कळतंय.

आता आम्ही राहतो टिळकवाडीत, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, तरी बाजारात जायचं म्हणजे आम्ही 'गावात जाऊन येतो' असंच म्हणतो, जसं काय आम्ही जंगलात राहतो. तर गावात, बाजाराच्या मधोमध एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फूड कोर्ट झालंय, पोरीच्या वर्गातली सगळी जाऊन आली आणि आम्हीच काय ते राहिलो होतो. गाडी लावायला जागा शोधत गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली अशी प्रदक्षिणा झाली, शेवटी गाडी इतक्या लांब लागली की तिथनं घर जवळ होतं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पूर्वी बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. आता गरीब राहिलेत, महाबळेश्वर गेलं.

लिफ्टमधनं वर गेलो आणि एसीचा झोत आला तशी आईनं पदर डोक्यावर घेतला. "हितं गारठतंय की रे. खाली चाळीस, वर चौदा, माणूस आजारी पडंल नाहीतर काय." मग ती तशीच डोक्यावर पदर घेऊन, देवळात आल्यासारखी सगळे स्टॉल बघत फिरली. कुठंच हात जोडावेत असं काही दिसलं नाही बहुतेक.

इथं पैसे चालत नाहीत, कार्ड घ्यायचं. कार्डाचे 50, आत कमीत कमी 500 घालायचे, पुढं 100 च्या पटीत. काउंटरवर एक मुलगी होती, नाव कन्नड दिसलं म्हणून मी आपलं सौजन्य म्हणून कन्नडात सुरू केलं, "ओंदु कार्ड कोड्री." ती मराठीत म्हणाली, "कितीचं घालू काका?" मी परत कन्नडात, ती परत मराठीत. दोघंही एकमेकांचा मान राखायला हट्टाला पेटलेलो. हे बेळगावात रोजचं आहे, बाहेरच्या माणसाला वाटतं इथं भाषेवरनं नुसती भांडणं चालतात, आणि खरी अडचण ही की कुणी आधी माघार घ्यायची तेच ठरत नाही. शेवटी मागचा माणूस हिंदीत ओरडला, "भाईसाब जल्दी करो," आणि आमचा व्यवहार हिंदीत पूर्ण झाला. (त्या 'काका'चं मला अजून लागलंय, पण ते असू दे.)

बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे असा 2024 चा कायदा आहे, तो इथं अगदी नीट पाळला होता. 60 टक्के कन्नड, 40 टक्के इंग्लिश आणि 100 टक्के गोबी मंचुरियन. चायनीजच्या स्टॉलवर मंचुरियन, चाटच्या स्टॉलवर मंचुरियन, डोसावाल्याकडं मंचुरियन डोसा. पोरीला तेच पाहिजे होतं. 140 रुपयांचं आलं आणि ती बघतच बसली, कारण 2024 च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं मंचुरियनमधले कृत्रिम रंग बंद केले, तेव्हापासनं प्रामाणिक दुकानातलं मंचुरियन अगदी फिकट मिळतं. "पप्पा, हे आजारी हाय काय?" मी तिला समजावलं की हाच त्याचा खरा रंग, एवढी वर्षं आपण जे खाल्लं ते आजारी होतं. तिला पटलं नाही. मलाही चव घेतल्यावर फारसं पटलं नाही.

बाकी बेण्णे डोसा 110, चुरमुऱ्याचं गिरमिट 75, आणि आईला मोसरन्ना म्हणजे आपला दहीभात 90. दहीभाताला 90 रुपये ऐकून आई म्हणाली, "दही कुठल्या गाईचं हाय विचार की."

पण बसायचं कुठं? एकही टेबल मोकळं नाही. इथं आईचा अनुभव कामाला आला. जुन्या लग्नांत एक पंगत उठायच्या आधी पुढची पंगत मागं उभी राहायची, त्या शाळेत ती शिकलेली. तिनं सगळ्या टेबलांवरनं एक नजर फिरवली, ज्या कुटुंबाचं आइस्क्रीम संपत आलेलं त्यांच्या बरोब्बर मागं जाऊन उभी राहिली आणि अत्यंत प्रेमानं विचारलं, "ऊटा आत एन्री?" जेवण झालं काय? त्या बिचाऱ्यांनी शेवटचा चमचा अर्धवट गिळला आणि उठले. मला लाज वाटली. बसलो मात्र सगळ्यात आधी मीच.

खाऊन झालं. बायको म्हणाली, "थोडंच खाल्लं ते बरं झालं, चला." मी कार्ड परत द्यायला गेलो. मुलगी म्हणाली (मराठीत), "काका, कार्डाचे 50 परत मिळतील, आतले 85 मिळणार नाहीत, खर्च करा." आणि तिथंच माझं डोकं फिरलं. 85 रुपये म्हणजे सोडायचे काय? 85 मध्ये काय येतंय बघितलं तर आइस्क्रीम 95. म्हणजे 10 कमी. म्हणून 100 घातले, झाले 185. आइस्क्रीम घेतलं, राहिले 90. लेमन सोडा 60, राहिले 30. 30 मध्ये काहीही येत नाही, टिश्यू पेपर तेवढा फुकट आहे. परत 100 घातले, 130. मिरची भजी 95, राहिले 35. फिल्टर कॉफी 40.

मी टिश्यू पेपर घेऊन बसलो आणि त्यावर लसावि काढायला लागलो. मराठी शाळेत गुरुजींनी छडी मारून शिकवलेला लसावि, हा आयुष्यात कुठं उपयोगाला येणार असं तेव्हा वाटायचं, तो इथं, आइस्क्रीम आणि भजी यांच्यामध्ये उपयोगाला आला आणि तरीही उत्तर येईना. "कॉफी द्या, वरचे 5 रोख घ्या," मी म्हटलं. "सिस्टीममध्ये नाही काका."

"काय करुलालास रे?" आईनं विचारलं. "हिशोब." "पस्तीस रुपयासाठी दोनशे घालवलास की. सोड ते."

सोडलं. म्हणजे कार्ड परत न देता खिशात ठेवलं, 35 रुपये आत आणि 50 बाहेर अडकलेले. त्या आइस्क्रीम-सोडा-भजीतलं बहुतेक सगळं मीच खाल्लं होतं, कारण टाकायचं नाही हा आमच्या घरातला दुसरा नियम.

महोत्सवात पोचलो तेव्हा माझ्या पँटचं वरचं बटण उघडं होतं. आणि तिथं काय नव्हतं! जोंधळ्याची भाकरी आणि एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, गोकाकचं सुकामेव्याचं करदंट, खानापूरचे काजू, कढईतनं तासभर हलवून तांबूस दाणेदार झालेला दुधाचा कुंदा, अजून गरम. आणि एका कोपऱ्यात मांडे.

बेळगावचा मांडा ज्यानं करताना बघितला नाही त्याला सांगून समजायचं नाही. तिथल्या काकूंनी पेढ्यापेक्षा थोडा मोठा गोळा घेतला, आत पिठीसाखर, खसखस, वेलची, आणि लाटून झाल्यावर तो दोन्ही हातांवर घेऊन असा फिरवायला लागल्या की बघता बघता मांडा मनगटावरनं कोपरापर्यंत पसरला, इतका पातळ की पलीकडचा बल्ब दिसावा. मग पालथ्या कढईवर अलगद टाकला, खाली लाकडाचा जाळ, क्षणात फोड आले, आणि कडक व्हायच्या आत गरमागरम असतानाच चौघडी घातली. उशीर झाला तर घडी मोडते.

लोक मनातल्या मनात मांडे खातात. माझ्यासमोर खरा मांडा होता आणि मनात तर सोडाच, पोटातही जागा नव्हती. मी नुसता वास घेतला आणि वास घेतानाही मिरची भजीचा ढेकर आला.

आई मात्र हलली नाही. तिनं दहीभाताचे दोनच चमचे खाल्ले होते, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. भाकरी-एण्णेगाई झाली, कुंदा झाला, एक चटणी हातावर घेऊन चाटून झाली, दुसरीची पुडी बांधून घेतली.

मी म्हटलं तासभर फिरू, पचेल, मग बघू. आणि तासाभरानं पचलं, खरंच भूक लागली, मी भाकरीच्या रांगेत उभा राहिलो, पुढं तीनच माणसं, आणि काळंकुट्ट आभाळ आलं. वळीव. आमच्याकडचा वळीव विचारून येत नाही, आधी धूळ, मग मातीचा वास, मग हरभऱ्याएवढ्या गारा. लाईट गेली. भाकरीवाल्यांनी चुलीवर ताडपत्री टाकली, मग आमच्यावर टाकली, आणि आम्ही तीसेक माणसं त्या ताडपत्रीखाली पाऊण तास एकमेकांच्या पायावर उभे राहिलो. पोरगी गारा वेचून खात होती. त्या दिवशी महोत्सवात तिनं खाल्लेला एकमेव पदार्थ.

घरी आलो साडेनवाला, काँग्रेस रोडवर ढोपरभर पाणी. बायको म्हणाली, "दमलेय, कुणी काही मागायचं नाही." फ्रीजमध्ये कालची आमटी, भात नाही.

आईनं भिजलेल्या पदरातनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मांडा. चार थरांचा, कोरडा, एक कोपराही मोडला नव्हता. दूध गरम केलं, ताटलीत मांडा चुरला, वरनं दूध ओतलं, पहिली ताटली पोरीला दिली, दुसरी बायकोला.

"तुझं पोट भरलंय म्हणत होतास नव्हं?" माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं, आणि तिसरी ताटली काढली.