आईनं ठेवलेलं नाव पाप कसं?

रविवारची उपासना सुटल्यावर सदर भागातल्या चर्चच्या आवारात एका मुलीनं मला मोबाईल दाखवला. तिचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात आहे. "आंटी, मला नाव बदलावं लागते का?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नागपुरातल्या आमच्या बहुतेक ग्रुपांवर फिरून आलेला तोच मेसेज होता: तारण झाल्यावर शौलाचा पौल झाला, म्हणून तुम्हीही नाव बदला, देवीदेवतांच्या नावात शाप राहतो, नावाचा जसा अर्थ, तसं आयुष्य. मला याचं उत्तर द्यायचंच आहे, कारण हा मेसेज नव्या विश्वासणाऱ्यांना घाबरवतोय.

आधी नव्या करारातल्या प्रेषित पौलाचं बघू. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभूनं त्याला हाक मारली ती "शौला, शौला" अशी. त्याचं हृदय पालटलं, बाप्तिस्मा झाला, तरी पुढचे कितीतरी अध्याय तो शौलच आहे. प्रेषितांची कृत्ये 13:9 मध्ये लूक एवढंच लिहितो की शौल, ज्याला पौलही म्हणत. तो जन्मानं रोमी नागरिक होता, पौल हे रोमी नाव. यहूद्यांत शौल, परराष्ट्रीयांत पौल. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचं नाव बदलल्याचं कुठंही लिहिलेलं नाही.

अब्राहाम, इस्राएल, पेत्र ही नावं देवानं दिली, हे खरंच. पण देवानं ती निवडक माणसांना स्वतःहून दिली. प्रत्येक शिष्यावर तशी अट घातली नाही. पुनरुत्थानानंतरही येशू पेत्राला "योहानाच्या पुत्रा शिमोना" अशी जुन्या नावानंच हाक मारतो.

आता शाप. रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय उघडा. पौल फिबीची शिफारस करतो. फिबी हे ग्रीकांच्या अर्तमी देवीचं विशेषण. त्याच यादीत हर्मेस आहे, ग्रीक देवाचं सरळ नाव. पौलाच्या दुसऱ्या पत्रांतल्या अपुल्लोसाच्या नावात अपोलो देव, एपफ्रदीताच्या नावात अफ्रोदिती देवी. पौल यांना भाऊ, बहीण, सहकारी म्हणतो. नाव टाका, असं एकालाही सांगत नाही. दानीएलाला बाबेलात बेल्टशस्सर हे नाव दिलं गेलं, त्यानं त्याच्या प्रार्थनेत काही अडलं नाही.

कॅथलिक मंडळीत 1917च्या चर्चच्या कायद्यानं संताच्या नावावर भर दिला होता. 1983च्या कायद्यात ती सक्ती नाही, ख्रिस्ती भावनेला परकं नाव नसावं एवढंच आहे. कुणी आनंदानं मरिया किंवा योहान हे नाव घेतलं तर मला ते आवडतंच. माझा विरोध धाकाला आहे.

आणि अर्थाचं म्हणाल, तर यहूदा म्हणजे स्तुती, आणि याच नावाच्या माणसानं प्रभूला धरून दिलं. दावीद राजाचा मुलगा अब्शालोम, त्याच्या नावात पिता आणि शांती दोन्ही आहेत. तो बापावरच उलटला. जुन्या करारातल्या याबेसाच्या आईनं त्याला दुःखाचं नाव ठेवलं, पण त्यानं प्रार्थना केली आणि देवानं त्याचं मागणं दिलं.

नावाला आध्यात्मिक मोल नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. योहान 20 मध्ये मग्दालीया मरिया थडग्याबाहेर रडतेय. येशू समोर उभा आहे, बोलतोय, तरी तिला तो माळी वाटतो. मग तो फक्त "मरिये" म्हणतो, आणि ती ओळखते. जगात शेकड्यांनी मरिया होत्या, पण ती हाक तिची होती. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. हाकेसाठी त्यानं तिला नवं नाव दिलं नाही.

आपल्याकडचंच बघा. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला, नावात नारायण आणि वामन दोन्ही तसेच राहिले. त्यांचीच भजनं आपण दर रविवारी गातो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्या शेवटपर्यंत लक्ष्मीबाईच राहिल्या.

त्या मुलीचं नावही लक्ष्मीच आहे. आता ती ते बदलणार नाही, असं तिनं पाळकांना सांगितलंय.