तेरीज काही जुळेना

मी दारव्हा तालुक्यातल्या एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म शिकवतो. ‘येणारे नावे, जाणारे जमा’ हे वाक्य वर्षातून इतक्यांदा म्हणतो की झोपेतही म्हणत असेन. बायको म्हणते, म्हणता. त्यामुळे आपण बाप होणार हे कळल्यावर लोक पेढे आणतात, तशी मी दोनशे पानी लांब वही आणली.

पहिल्या पानावर ‘बाळ खाते’ असं लिहिलं आणि तिथंच अडलो. बाळ हा भांडवली खर्च की महसुली? ज्याचा फायदा बरीच वर्षं मिळतो तो भांडवली, असं मी पोरांना सांगतो. बाबा ओट्यावर बसले होते.

“काय लिहून रायला रे?”

“बाळाचं बजेट.”

“सहा महिने हायेत अजून! सोयाबीनचाबी हिसाब इतल्या आगोदर नाई धरत कोनी.”

जमेची बाजू पाव पानात संपली. माझा पगार २४,०००. बायको गावाजवळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये नर्सरीला शिकवायची, तिचे ९,०००. बाळंतपणात २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते असं मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, तो कायदा दहा माणसांपासून लागू होतो आणि आमच्या शाळेत शिपाई धरून नऊ आहेत. दहावं माणूस तिथं का टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ९,००० वर काट मारली.

मग रात्री एक रील बघितली. कोट घातलेला पोरगा सांगत होता, पगाराचे तीन वाटे करा: ५० टक्के गरजा, ३० टक्के इच्छा, २० टक्के बचत. माझ्या इच्छांच्या वाट्याला ७,२०० आले. आमच्या गावात माणसानं मनापासून इच्छा केली तरी ती टपरीवरच्या तर्री-पोह्याच्या पुढं जात नाही. रोज दोन प्लेटा खाल्ल्या तरी महिन्याला एवढे पैसे संपायचे नाहीत, ॲसिडिटी तेवढी होईल. तोच पोरगा पुढं म्हणाला, सहा महिन्यांचा खर्च अडीनडीसाठी बाजूला ठेवा. आमच्या घरात अडीनडीसाठी एक बोकड होता. पुस्तपालनात याला चालू मालमत्ता म्हणतात. तो खरोखरच चालू होता, बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या तुरीत.

विम्याचंही विचारून झालं. बाळंतपणाच्या खर्चासाठी पॉलिसीला दोन ते चार वर्षं थांबावं लागतं, असं एजंट म्हणाला. “तवा याले साखरपुड्यालेच पाठवाचं होतं,” असं आई म्हणाली.

राहता राहिलं सरकार. आमचं रेशनकार्ड पांढरं. पोरगी झाली तर राज्य सरकारची ‘लेक लाडकी’ आहे, जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्यानं १,०१,००० रुपये; पण ती पिवळ्या आणि केशरी कार्डाला. मध्यमवर्गीय म्हणजे काय, याची मी वर्गात अवघड व्याख्या सांगायचो. आता सोपी सापडली: ज्याच्या कार्डाला रंगच नाही तो.

मातृवंदना योजनेत मात्र आम्ही बसत होतो. केंद्राची योजना, पहिल्या बाळाला ५,००० रुपये: आधी ३,०००, मग जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर २,०००. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे म्हटल्यावर मला एकदम हलकं वाटलं. आशाताईंनी फॉर्म भरायला घेतला आणि त्यांचा पेन थांबला.

“सर, आधारवर मॅडमचं नाव माहेरचं हाये, न बँकेत सासरचं.”

“बाई तर एकच आहे.”

“ते मले माहीत हाये. कम्प्युटरले कोन सांगन?”

आधार बदलायला विवाह नोंदणीचा दाखला पाहिजे. आमच्या लग्नात चारशे माणसं जेवली, दोघं रुसले, एकानं मांडवातल्या खुर्च्या मोडल्या. नोंदणी तेवढी कोणी केली नव्हती. मग ग्रामपंचायत, साक्षीदार, लग्नाचे फोटो, पत्रिका. पत्रिकेवर बायकोच्या नावामागं ‘चि. सौ. कां.’ असल्यानं तिथल्या बाबूनं विचारलं, हे पूर्ण नाव आहे का. तीन वेळा दारव्ह्याला चकरा झाल्या. ३,००० खात्यात आले तेव्हा त्यांच्यासमोर मी १,१४० रुपये खर्च लिहिला: तिकिटं, झेरॉक्स, आणि साक्षीदारांनी खाल्लेले आलूबोंडे.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात करायचं, हे माझ्या वहीत पक्कं होतं. २०११ पासून तिथं सगळ्यांनाच फुकट आहे: सिझर, औषधं, जेवण, न्यायला-आणायला गाडीसुद्धा. कार्डाचा रंगही कोणी विचारत नाही. खर्चाच्या रकान्यात मी मोठं गोल शून्य काढलं होतं. ते शून्य कारंज्याच्या सासूबाईंनी पाहिलं. “जवाईबापू, पहिलटकरीन हाये ती! लोक काय म्हनतीन?” लोक काय म्हणतील या रकान्याला माझ्या वहीत जागा नव्हती. ऑगस्टमध्ये खाजगी दवाखान्यात सिझर झालं, पोरगी झाली, आणि बिल झालं ४९,०००. बोकड त्याच आठवड्यात चालू मालमत्तेतून बाहेर पडला, बाकीचं पतसंस्थेतून काढलं.

बाबांचं चलन रुपया नाही, क्विंटल आहे. सात हजाराचा भाव धरून त्यांनी क्षणात सांगितलं, “सात क्विंटल.” लाडवांची खारीक, डिंक, गोडंबी? “जवळपास एक क्विंटल.” पाळणा? “साठ किलो, न तोबी ओला धरून.”

सव्वा महिन्यानं मायलेकी घरी आल्या आणि त्यांच्यामागं डायपरचं पुडकं आलं. त्याच सुमारास, २२ सप्टेंबरला, डायपरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला होता. ही बातमी मी घरात दिवाळीचा बोनस मिळाल्यासारखी सांगितली. बाबांनी एक डायपर हातात घेतला, दाबला, उजेडात धरला.

“कितीले पडला?”

“एक? बारा रुपयांना.”

“न आपला कापूस किलोचा सत्तर! म्हंजे पाच-सहा डायपरात किलोभर कापूस गेला. घरात कापूस भरून हाये, न पोरीच्या ढुंगनाले इकत आनतं तू?”

मी शिक्षक असल्यानं मला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, बाबा, यात कापूस नसतोच, लाकडाचा लगदा असतो आणि पाणी शोषणारी पावडर असते. ही माहिती मी द्यायला नको होती. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन त्यांनी आईच्या तीन जुन्या सुती साड्या आणल्या आणि स्वतः टराटरा फाडल्या. चाळीस लंगोट झाले, खर्च शून्य. माझ्या वहीतलं एवढं एकच शून्य शेवटपर्यंत टिकलं. पण पावसाची झड लागली होती. वाळायला टाकलेले लंगोट खिडकीला, खाटेला, शेगडीवर, माझ्या बारावीच्या पेपरांवर. तिसऱ्या दिवशी बाबाच हळूच म्हणाले, “ते लाकडाचे हायेत का रे एकदोन?”

बारशाला मला तीन बहिणी आहेत हे वहीच्या भाषेत कळलं. आत्या नाव ठेवते, आत्याला साडी. तीन आत्या, तीन साड्या, आणि तिघींची तीन नावं. आईनं साड्या स्वीकारल्या, नावं फेटाळली, आणि चौथंच नाव ठेवलं.

रात्री आहेर मोजला. आलेली झबली सव्वीस, सगळी तीन महिन्यांच्या मापाची. पोरगी दिवसातून तीनदा कपडे बदलते म्हणून बरं. पाकिटं घेताना टिपलेल्या आकड्यांची बेरीज ७,८५१, हातातली रोकड ७,३५०. तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज, जुळेना, ५०१ चा फरक. पोरांना मी शिकवतो की फरक सापडेपर्यंत तो अनामत खात्यात टाकावा. टाकला, पण झोप लागेना. सकाळी आई म्हणाली, वरच्या आळीत बी कालच बारसं होतं, एक पाकीट न एक झबलं तिकडं धाडलं. पाकीट उघडलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा बाबांनी आपली वही काढली. लाल कापडी बांधणीची, कडा कुरतडलेली. प्रत्येक लग्न, बारसं, तेरवी, कोणी काय दिलं, आपण काय परत केलं. माझं बारसं १९९३ चं. साठ ओळी, साडेअठ्ठावन्नांसमोर बरोबरची खूण. अर्धी एका पितळी वाटीची, ती परत केली पण लहान निघाली. आणि एक ओळ उघडी: ११ रुपये, खालच्या आळीतल्या एका माणसाचे. त्याच्या घरी मधे कार्यच झालं नव्हतं. नवीन पानावर पोरीचं नाव होतं आणि खाली बाबांच्या अक्षरात त्रेसष्ट ओळी. पोरगी सव्वा महिन्याची, आणि त्रेसष्ट घरांचं देणं तिच्या नावावर. मी पोस्टात २५० रुपये भरून तिचं सुकन्या खातं काढायचं ठरवलं होतं, ८.२ टक्क्यांनी, आणि तेवढ्यानं तिचं भविष्य सुरक्षित होईल असं समजत होतो.

“त्याच्या नातीचं पुढल्या महिन्यात बारसं हाये,” बाबा म्हणाले. “ते ११ रुपये आता कितीक झाले अस्तीन? तू शिकला ना.”

मी ८.२ टक्के चक्रवाढीनं बत्तीस वर्षं धरली. १३७ आले.

“मंग १५१ देऊ. कमी नोको.”

मी पुढच्या महिन्याचं पान उघडलं. ५०, ३०, २०. हे १५१ कशात घालू, गरजा, इच्छा की बचत, असं बायकोला विचारलं. तिच्या मांडीवर पोरगी होती, खांद्यावर ओला लंगोट.

“पाकिटात घाला,” ती म्हणाली. “आणि त्या सव्वीसमधलं एक झबलंही काढून ठेवा.”